जिन्यापर्यंत भाऊजी, दारापासून सर

वहिनी विचारल्याशिवाय कुणाच्या खुर्चीवर बसत नाहीत. खुर्चीचा मालक रजेवर असला तर फोन करून विचारतात.

दार सताड उघडं असलं तरी टकटक करतात.

पेन उसनं देतात, टोपण देत नाहीत. टोपण मुठीत धरून बसतात. पेन परत आलं की मूठ उघडते.

शेजारचा माणूस पासवर्ड टाइप करायला लागला की खिडकीबाहेर बघतात. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे. तरी बघतात, अगदी मन लावून.

डब्याचं झाकण बाजूला काढून ठेवलं असेल तर कुणीही हात घालावा. झाकण लावलं की विषय संपला. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना आपोआप कळलेलं आहे.

आणि "एवढं काय वहिनी, सगळी आपलीच तर माणसं," असं कुणी म्हटलंच, तर त्या मान वर न करता म्हणतात, "आपल्याच माणसांचं जास्त बघावं लागतं. परका काय, दारातूनच परत जातो."

हे सगळं टिपलं होतं ते पडद्यावरची वाक्यं लिहिणाऱ्या मुलीने. ऑफिसात तिला 'मजकूर' म्हणत. साहित्याची पदवी घेऊन ती नोकरी शोधत आली आणि या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चिकटली. कॉलेजात तिने दीर्घकवितांवर पानंच्या पानं भरली होती. इथे ती 'पुढे जा' आणि 'पुन्हा प्रयत्न करा' लिहायची. तिची खुर्ची वहिनींच्या शेजारी. म्हणजे तिला दुसरं बघायला काही नव्हतं. एक ती भिंत, आणि एक वहिनी.

वहिनी या खऱ्याखुऱ्या वहिनी होत्या. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाची बायको. एकाच घरात राहत. एकाच स्कूटरवरून येत. सर त्यांना वहिनी म्हणायचे म्हणून सगळं ऑफिस वहिनी म्हणायला लागलं.

मजकूर सकाळी लवकर यायची. जिन्यातलं बोलणं तिला दारापर्यंत ऐकू यायचं.

"भाऊजी, हेल्मेट डोक्यात घालायचं असतं. पिशवीसारखं हातात लटकवायचं नसतं."

"दोन गल्ल्यांवर तर आहे ऑफिस, वहिनी."

"आईंनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आणि शर्टाचं बटण तुटलंय. बायको माहेरी गेली म्हणून काय असं फिरायचं?"

सर मान खाली घालून पायऱ्या चढायचे. शेवटची पायरी यायची. वहिनी दारात क्षणभर थांबायच्या, पदर नाहीतर ओढणी नीट करायच्या, आणि आत पाऊल टाकताना म्हणायच्या, "गुड मॉर्निंग, सर."

"गुड मॉर्निंग, वहिनी."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मजकूरला वाटलं, थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती. दाराच्या आत वहिनींनी सरांच्या बटणाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. बटण दिवसभर तसंच लोंबत राहायचं. संध्याकाळी दाराबाहेर पडल्या की पहिलं वाक्य त्या बटणाचंच.

लग्नाआधी वहिनी एका बँकेच्या संगणक विभागात होत्या. मग घर, मुलगा, सासऱ्यांचं आजारपण. मुलगा होस्टेलवर गेला आणि घरात भांडी सोडून कुणी आवाज करेना. तेव्हा दिराने कंपनीत बोलावलं. वहिनींनी एकच अट घातली. "माझ्या लॉगिनला मुदत घाला. नाहीतर लोक म्हणतील, वहिनी म्हणून बसवून ठेवलंय." सरांनी नको नको म्हणत वर्षभराची तारीख घातली. आल्यापासून त्या दुसऱ्यांनी बांधलेली टेबलं दुरुस्त करायच्या. डेटाबेसची टेबलं. कुणीतरी घाईत बांधून गेलेलं, आता कुरकुरणारं काम. "परक्याच्या कपड्यांना ठिगळं लावतेय," असं त्या म्हणायच्या. तक्रार म्हणून नाही, पण म्हणायच्या.

मुदत संपायला महिना उरला असताना पाळणाघराचं काम आलं.

पाळणाघर मोठं होतं. तिथल्या संचालिकाबाई कडक होत्या. त्यांना असा प्रोग्राम हवा होता की संध्याकाळी मूल कोण घेऊन जाऊ शकतं, फोटो कोण बघू शकतं, औषधाची नोंद कोण करू शकतं, हे सगळं पक्कं ठरलेलं असावं. दाराशी एक टॅब लावायचा. न्यायला येणाऱ्याने आपला गुप्त आकडा टाकायचा. पडदा हो म्हणाला तर मूल बाहेर येणार.

"आणि नाही म्हणाला तर नाही," बाई म्हणाल्या. "ओळखीचा चेहरा आहे, रोज येतात, असलं काही चालणार नाही. माझ्यासाठीसुद्धा पळवाट ठेवू नका."

"हे काम पूर्ण तुमचं," सर वहिनींना म्हणाले. "पहिल्या दगडापासून. हे उभं राहिलं तर पुढची सगळी तुम्हीच बांधायची."

त्या दिवशी वहिनींनी डबा उघडा ठेवला आणि स्वतः जेवायला विसरल्या. मजकूरने अर्धा संपवला.

"समजावून सांगा ना," मजकूर म्हणाली. "मला वाक्यं लिहायची आहेत."

वहिनींनी कागद ओढला. "हे बघ. माणसाला किल्ली द्यायची नाही. किल्ली खुंटीला टांगायची. पालक ही एक खुंटी. मुलं सांभाळणारी ताई ही एक खुंटी. तिला औषधाची किल्ली, वर्गाची किल्ली. बाई ही एक खुंटी. मग फक्त एवढंच लिहायचं, कुठला माणूस कुठल्या खुंटीपाशी उभा आहे. माणसं येतात, जातात. किल्ल्या जागच्या हलत नाहीत."

"आणि एक माणूस दोन खुंट्यांपाशी उभा राहिला तर?"

"उभं राहू द्यायचं नाही." वहिनींचा चेहरा एकदम करारी झाला. "मी तशीच टेबलं दुरुस्त करत आलेय. एकेका माणसाचे सात सात रोल, म्हणजे सात सात खुंट्या. हिशेब लिहिणाराही तोच आणि तपासणाराही तोच. एक माणूस, एक रोल. विषय संपला."

मजकूरने नकाराचं वाक्य फार मेहनतीने लिहिलं. नम्र हवं होतं, पण ठाम. शेवटी जमलं ते असं: 'या मुलाला घरी नेण्याची परवानगी आपल्याला नाही.' तिला त्यातला 'आपल्याला' फार आवडला. वहिनींना वाचून दाखवला. वहिनी म्हणाल्या, "छान. ऐकणाऱ्याला राग येईल, पण शिवी देता येणार नाही."

चाचणीचा दिवस ठरला. शुक्रवारची संध्याकाळ. सर, वहिनी आणि मजकूर पाळणाघराच्या दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले. बाई टॅबच्या शेजारी, हाताची घडी घालून.

सगळं लोण्यासारखं चाललं होतं. एक आजोबा आले, आकडा टाकला, पडदा हो म्हणाला, नातू बाहेर. एक काका आला, त्याचं नाव नव्हतं, पडदा नाही म्हणाला. काका निमूटपणे फोन काढून भावाला बोलावू लागला. बाईंनी मान हलवली. सरांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी टोपण मुठीत धरावं तशी रिकामी मूठ धरून उभ्या होत्या.

मग मोठ्या वर्गाची ताई आली. तिची कामाची वेळ संपली होती. पर्स खांद्याला लावून ती टॅबसमोर उभी राहिली. तिच्या बोटाला धरून चारेक वर्षांची मुलगी. तिची स्वतःची. ताईने आकडा टाकला.

'या मुलाला घरी नेण्याची परवानगी आपल्याला नाही.'

ताईने पुन्हा टाकला. पडदा ऐकेना.

"अहो, ही माझी मुलगी आहे," ताई टॅबला म्हणाली.

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. मजकूरला कळायला थोडा वेळ लागला. ताई ही ताईच्या खुंटीपाशी उभी होती. त्या खुंटीला मूल घरी नेण्याची किल्ली टांगलेलीच नव्हती, कारण कुठल्याही ताईने कुठलंही मूल घरी नेऊ नये, असं बाईंनीच बजावलं होतं. आणि एक माणूस, एक रोल. ताई झाली की आई होता येत नव्हतं.

"सोडा हो हिला," सर हलक्या आवाजात बाईंना म्हणाले.

"कसं सोडू?" बाई म्हणाल्या. "मीच म्हटलंय ना, पळवाट नको. तुम्ही ठेवली नाहीत." त्यांच्या आवाजात राग होता आणि त्याखाली थोडं कौतुकही होतं. मजकूरला तसं वाटलं.

"मी करते," वहिनी म्हणाल्या आणि पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. ताईला ताईच्या खुंटीवरून काढलं, पालकाच्या खुंटीवर नेलं. पडदा हो म्हणाला. पण त्याच क्षणी आतून घंटी वाजायला लागली. मोठ्या वर्गात अजून मुलं होती, आणि दुसरी ताई त्यांच्याजवळ बसली असली तरी नोंदीत तो वर्ग हिच्याच नावावर होता. प्रोग्रामच्या दृष्टीने वर्गात आता कुणीच मोठं माणूस नव्हतं. त्याने त्या वर्गातल्या सगळ्या मुलांची दारं बंद करून टाकली. दाराशी पालकांची रांग लागली. एकेकाला मजकूरचं वाक्य दिसू लागलं. आपल्याला नाही. आपल्याला नाही. आपल्याला नाही. ऐकणाऱ्यांना राग येत होता. शिवी खरंच कुणाला देता येत नव्हती.

वहिनींनी ताईला परत ताई केलं. घंटी थांबली. रांग पुढे सरकली.

ताईच्या मुलीने हे सगळं लक्षपूर्वक बघितलं. मग आईला विचारलं, "म्हणजे मी आज इथेच राहू?"

"बाबा येईपर्यंत, राणी."

मुलगी आनंदाने उड्या मारत परत खेळण्यांकडे पळाली. ताई खुर्चीत बसली आणि हसायला लागली. "जन्म दिला मी," ती म्हणाली, "आणि न्यायला येणार तो."

तो आला, आकडा टाकला, मुलीला उचललं. मुलगी रडत गेली. तिला अजून राहायचं होतं.

बाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारी पुन्हा बघेन. चाललं तर सही. नाहीतर तुम्ही तुमच्या वाटेने, मी माझ्या."

ऑफिसात परत आल्यावर सर बराच वेळ फिरत्या खुर्चीत डावीउजवीकडे हलत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, परवानग्यांचा तयार प्रोग्राम मिळतो बाहेर. तोच घेऊ. सोमवारपर्यंत बसवता येईल. तुम्ही आपलं..."

"दुरुस्तीचं बघायचं," वहिनींनी वाक्य पुरं केलं.

"आणि तुमची मुदतही या महिन्यात संपते. मग पुढे कसं करायचं, ते..."

"मला माहीत आहे, सर. तारीख मीच घालायला लावली होती."

मजकूर भिंत बघत होती. समोरच्या इमारतीची. मन लावून.

दिवे बंद झाले. तिघं निघाली. दाराबाहेर वहिनी पहिली पायरी उतरल्या, आणि लगेच म्हणाल्या, "तुमचा डबा तसाच्या तसा आहे, भाऊजी. दुपारपासून बघतेय. पोटात काही नसलं की तुम्ही असेच निर्णय घेता."

सर थकले होते. "मग दुपारीच नाही का सांगायचं?"

"दुपारी कसं सांगणार? दुपारी तुम्ही सर होता."

आणि वहिनी थांबल्या. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. मजकूर मागून येत होती, ती त्यांच्यावर आदळता आदळता वाचली.

"मघाशी मी कोण होते?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी?" सर घाबरून म्हणाले. "बरं वाटतंय ना?"

वहिनी वळल्या. परत वर गेल्या. बंद दाराला हात लावून उभ्या राहिल्या, मग पुन्हा खाली आल्या. सर आणि मजकूर जिन्याच्या भिंतीला चिकटून उभे.

"मी तीच," वहिनी म्हणाल्या. "लॉगिनही तेच. दार बदललं फक्त. काय बावळट आहे मी. रोज सकाळ-संध्याकाळ करते हे, आणि टेबलात घातलं नाही."

"काय घातलं नाही?"

"कुणाच्या बाबतीत, ते." त्या आता भरभर बोलत होत्या. "ती ताई आहे, पण वर्गाच्या बाबतीत. ती आई आहे, पण एकाच पोरीच्या बाबतीत. दोन्ही एकाच वेळी. भांडण कुठे आहे त्यात? मी तिला विचारत होते, तू नक्की कोण? तिला विचारायचंच नाही. तिच्यासमोर कुठलं मूल उभं आहे, ते बघायचं."

 मजकूरने पदवीच्या तीन वर्षांत पुष्कळ व्याख्यानं ऐकली होती. असं एकही वाक्य तिला तिथे मिळालं नव्हतं. ती तोंड उघडं टाकून उभी होती.

"सोमवारपर्यंत होईल?" सरांनी विचारलं.

"ते उद्या दाराच्या आत विचारा," वहिनी म्हणाल्या. "आत्ता आधी घरी चला आणि जेवा."

शनिवारी सकाळी वहिनींनी जुनं टेबल मोडलं. मोडताना त्यांना काही वाईट वाटलं नाही. गुणगुणत होत्या. नव्यात एका ओळीला चार रकाने होते. कोण. काय म्हणून. कुणाच्या बाबतीत. कधीपर्यंत. ताईच्या नावाच्या आता दोन ओळी झाल्या. एक वर्गाची. एक पोरीची.

मजकूर शेजारी बसून त्या ओळी भरून देत होती. वर्गाच्या ओळीत कधीपर्यंत, तर नेमणूक संपेपर्यंत. मुलांना ने-आण करणाऱ्या गाडीवाल्याची तारीख, शिकाऊ ताईची तारीख. मग ती अडली.

"आईच्या ओळीत कधीपर्यंत काय लिहू?"

"काही नाही. रिकामं सोड."

"रिकामं म्हणजे विसरलं असं नाही होत?"

"माणसांत होत असेल," वहिनी म्हणाल्या. "टेबलात काय होतं ते मी ठरवते. इथे रिकामं म्हणजे मुदत नाही. आई आहे, आजी आहे, त्यांना कसली तारीख घालतेस?"

एक नियमही त्यांनी नव्याने घातला. कुणीही स्वतःची ओळ स्वतः बदलायची नाही. बाईंनीसुद्धा नाही. कंपनीतल्या लोकांनीसुद्धा नाही. "शुक्रवारी पायरीवर बसून मी काय केलं, बघितलंस ना?" त्या म्हणाल्या. "घाईत ताईची ओळ फिरवली, तशी उद्या स्वतःचीही फिरवीन. घाबरलेल्या माणसाच्या हातात सगळ्या किल्ल्या असू नयेत. मग तो माणूस मी का असेना."

मजकूरने तिचं वाक्य बदललं. 'आपल्याला' काढून टाकलं. आता पडदा एवढंच म्हणायचा: 'यादीत नाव नाही. बाईंशी बोला.' तिला त्यात काही साहित्य दिसत नव्हतं. पण रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला पुढे काय करायचं ते कळत होतं.

सोमवारी ताई पुन्हा टॅबसमोर आली. मुलगी बोटाला. आत मोठ्या वर्गात अजून मुलं होती. ताईने आकडा टाकला.

'नेऊ शकता.'

घंटी वाजली नाही. कुणाचं दार बंद झालं नाही. सरांनी श्वास सोडला, तो मजकूरला ऐकू आला. मुलगी मात्र टॅबसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्या दिवशीसारखं नाही म्हण," ती टॅबला म्हणाली.

टॅब बधला नाही. मुलगी रडत गेली. या वेळी आईबरोबर.

बाईंनी आणखी बरंच तपासून बघितलं. स्वतःला जास्तीची परवानगी द्यायचा प्रयत्न केला. जमला नाही. तेव्हा कुठे त्या खुलल्या. "पेन आहे का कुणाकडे?"

वहिनींनी पेन दिलं. बाईंनी सही केली, दोन गोष्टी बोलल्या, आणि बोलता बोलता पेन पर्समध्ये टाकलं. वहिनींनी नुसती मूठ उघडून समोर धरली. तळहातावर टोपण. बाई क्षणभर बघत राहिल्या. मग पर्समधून पेन काढून स्वतःच त्या टोपणात घातलं.

"ही बाई आमच्याकडे द्या," त्या सरांना म्हणाल्या.

"नाही देता येणार," सर म्हणाले.

ऑफिसात आल्यावर सर वहिनींच्या टेबलाशी आले. "पुढची सगळी कामं तुमचीच. आणि ती मुदत तेवढी बदलून टाका आता."

"मला नाही बदलता येणार, सर. स्वतःची ओळ स्वतः बदलायची नाही, असा नियम आहे."

"कुणी घातला?"

"मी."

सरांनी मजकूरकडे बघितलं. मजकूरने भिंतीकडे. मग सरांनी वहिनींच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसू का?"

"बसा."

सर बसले. स्वतःचं लॉगिन केलं. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. सरांनी ऑफिसच्या लॉगिनच्या यादीत वहिनींची ओळ शोधली. शेवटच्या रकान्यातली या महिन्याची तारीख पुसून टाकली. रकाना रिकामा झाला आणि त्यात रेघ लुकलुकू लागली.

"हं. काय तारीख घालू?"

वहिनी वळल्या. पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"विचार करून सांगते, सर."

सरांनी रकाना तसाच रिकामा जतन केला आणि उठले. कामांच्या फळ्यावर लिहिलं: 'वहिनी: तारीख सांगणे. बाकी.' वहिनींनी डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

फळा दर आठवड्याला पुसला जातो. झालेली कामं जातात, नवी येतात. ती ओळ तेवढी पुसणाऱ्याच्या फडक्याखालून प्रत्येक वेळी वाचते. सर अधूनमधून आठवण करतात. परवा जिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं.

"वहिनी, ती तारीख?"

"भाऊजी, ऑफिसचं ऑफिसात."

दोघं दारापाशी आले. वहिनी थांबल्या, ओढणी नीट केली, आत पाऊल टाकलं.

"गुड मॉर्निंग, सर."

"गुड मॉर्निंग. वहिनी, ती तारीख?"

"आधी पडलेली कामं उरकते, सर," वहिनी म्हणाल्या, आणि आपल्या उघड्या कपाटाच्या दारावर सवयीने टकटक करून त्यातली वही काढली. फळ्यावर मजकूरच्या अगदी समोर लिहिलेलं होतं: 'वहिनी: तारीख सांगणे. बाकी.'